पकडलेली बोट परत का येत नाही?

ओखा-जखाऊच्या समोर पाकिस्ताननं मच्छीमार बोटी पकडल्याची बातमी आली की मुंबईत दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. "जीपीएस असतं ना यांच्याकडे, मग जातातच कशाला तिकडे?" ही पहिली. "सरकार झोपलंय का?" ही दुसरी. दोन्ही विचारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चित्र मात्र एकच असतं. समुद्रात कुठेतरी एक पक्की रेषा आहे, अलीकडे आपलं, पलीकडे त्यांचं, आणि ती ओलांडली की गुन्हा. टीव्हीवरच्या नकाशात ती तुटक रेषा ठळक दाखवलेलीही असते. घोळ असा की ज्या पाण्यात आपल्या बोटी सर्वांत जास्त पकडल्या जातात, तिथली ही रेषा दोन्ही देशांनी मिळून कधी आखलेलीच नाही.

आणखी एक गोष्ट बातमीत सहसा येत नाही. बोट आणि बोटीवरची माणसं एकाच वेळी पकडली जातात, पण त्यांच्या सुटकेच्या वाटा वेगळ्या असतात. माणसं उशिरा का होईना, परत येतात. बोट बहुतेक वेळा येतच नाही. हे का होतं ते कळायला समुद्राचा कायदा थोडा उलगडावा लागतो.

त्याआधी, या बातमीशी आपला संबंध काय, ते सांगून टाकतो. ससून डॉक, भाऊचा धक्का, वर्सोवा, मढ इथल्या बोटी त्या बाजूला सहसा फिरकत नाहीत. पकडल्या जाणाऱ्या बोटी प्रामुख्यानं पोरबंदर, ओखा, वेरावळ, मांगरोळ या बंदरांतल्या. पण त्या बोटींवरचे खलाशी बघायला गेलात तर त्यांत डहाणू, तलासरी, पालघरची पोरं निघतात, त्यातले बरेच आदिवासी पाड्यांवरचे. पावसाळा सरला की उचल घेऊन हंगामभरासाठी गुजरातच्या बंदरांत जायचं, हा तिकडचा जुना रिवाज. म्हणजे मालक गुजरातचा, खलाशी महाराष्ट्राचा आणि तुरुंग कराचीचा. अशा प्रकरणात पाठपुरावा नेमका कुणी करायचा, याचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

पाण्याचे पट्टे

समुद्रातलं अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. मोजायला सुरुवात होते ती ओहोटीच्या रेषेपासून. किनारा फार खाचाखोचांचा असेल तर त्याची टोकं जोडून सरळ रेषा धरतात. या सुरुवातीच्या रेषेला आधाररेषा म्हणतात. पुढचे नियम संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या समुद्र कायदा करारात आहेत. तो १६ नोव्हेंबर १९९४ पासून लागू झाला. भारतानं १९९५ मध्ये आणि पाकिस्ताननं १९९७ मध्ये त्याला रीतसर मान्यता दिली, म्हणजे दोघंही त्याला बांधील आहेत.

आधाररेषेपासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हा प्रादेशिक समुद्र. इथे किनाऱ्यावरच्या देशाची सत्ता जमिनीवर असते तशीच असते. परक्या जहाजाला इथून शांतपणे निघून जाण्याचा हक्क आहे, पण मासेमारी सुरू केली की तो हक्क संपला. करारात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यापुढे २४ मैलांपर्यंत एक संलग्न पट्टा असतो, तो जकात, तस्करी, बेकायदा प्रवेश अशा गोष्टींच्या बंदोबस्तासाठी. मच्छीमारांच्या भांडणात त्याचा फारसा संबंध येत नाही, म्हणून तो इथेच सोडू.

खरा मामला आहे तिसऱ्या पट्ट्याचा. आधाररेषेपासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, अनन्य आर्थिक क्षेत्र. वर्तमानपत्रं याला 'ईईझेड' म्हणतात. हे पाणी त्या देशाच्या मालकीचं नसतं. तिथून कुणाचंही जहाज जाऊ शकतं. पण त्यातली मासळी, तळातलं तेल आणि वायू यांवर हक्क त्या देशाचा.

आता १२ मैलांच्या आत पकडलं आणि १२ ते २०० च्या मध्ये पकडलं, यात मच्छीमाराच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रादेशिक समुद्रात शिरून मासे पकडले तर त्या देशाचा कायदा म्हणेल ती शिक्षा, तुरुंगासकट. पण ईईझेडमध्ये पकडलं तर कराराचं कलम ७३ लागू होतं, आणि ते चार गोष्टी सांगतं. बोटीवर चढून तपासणी करा, अटक करा, खटला चालवा, याला हरकत नाही. मात्र वाजवी हमी रक्कम भरली की बोट आणि माणसं ताबडतोब सोडा. फक्त मासेमारीच्या गुन्ह्यासाठी कैदेची शिक्षा देऊ नका, संबंधित देशांनी आपसांत तसं ठरवलेलं असल्याखेरीज. आणि बोट ज्या देशाची असेल त्या देशाला लगेच कळवा.

हे कागदावरचं तत्त्व वाटेल, पण आपल्या देशाच्या कायद्यातच ते उतरलेलं आहे. परक्या बोटींनी भारताच्या पाण्यात मासेमारी केली तर काय करायचं, याचा १९८१ चा कायदा आहे. त्यात प्रादेशिक समुद्रातल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, १५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि ईईझेडमधल्या गुन्ह्याला १० लाखांपर्यंत दंड. कैद नाही. त्यासोबत बोट जप्त करण्याची तरतूद मात्र आहे.

मुंबई सरकारचा एक ठराव

मग ओख्याच्या पुढे पकडलेली बोट पाकिस्तानच्या १२ मैलांत होती, ईईझेडमध्ये होती, की भारताच्याच पाण्यात होती? याचं उत्तर द्यायला रेषा हवी. ती नाही, कारण सर क्रीक.

कच्छच्या रणात सुमारे ९६ किलोमीटर लांबीची ही दलदलीची खाडी. हिच्या एका बाजूला सिंध, दुसऱ्या बाजूला कच्छ. वाद जुना, १९०८ च्या सुमारास सुरू झालेला, आणि तोही खाडीच्या काठच्या जळाऊ लाकडावरून. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता, त्यामुळे सिंधचे अधिकारी आणि कच्छचे संस्थानिक, म्हणजे राव, यांच्यातलं हे भांडण मिटवण्याचं काम मुंबई सरकारकडे आलं. मुंबई सरकारनं १९१४ मध्ये ठराव केला. दोन्ही देश आज जे भांडतात ते याच ठरावावरून. त्याच्या एका परिच्छेदातून सीमा खाडीच्या पूर्व काठानं जाते असा अर्थ निघतो. पाकिस्तान तो धरून बसतो, म्हणजे अख्खी खाडी त्यांची. पुढच्याच परिच्छेदात खाडीतल्या बोटी चालण्याजोग्या प्रवाहाचा उल्लेख आहे. भारत तो धरतो, १९२५ च्या नकाशाचा आणि तेव्हा उभारलेल्या खांबांचा दाखला देतो आणि म्हणतो, सीमा प्रवाहाच्या मधून जाते. एकाच कागदातून दोन देशांना दोन सीमा मिळाल्या. कारकुनी मराठीत आपण ज्याला 'संदिग्धता' म्हणतो तिची किंमत पाहायची असेल तर हा ठराव पाहावा.

कच्छच्या रणाच्या सीमेवर १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादानं निकाल दिला, पण त्यानं सर क्रीकला हात लावला नाही. खाडीचं तोंड नेमकं कुणाचं आणि कुठून कुठपर्यंत, हे ठरल्याशिवाय समुद्रातली रेषा सुरूच होत नाही. दोन भावांत वाडीचा पहिला दगड कुठे पुरायचा यावरच एकमत नसेल तर पुढचा बांध कुठून घालणार? त्यात दलदलीच्या खाड्या जागा बदलतात, प्रवाह सरकतात. २००७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून खाडीची पाहणी केली, बोलण्याच्या फेऱ्याही २०१२ पर्यंत होत राहिल्या. रेषा काही आखली गेली नाही.

म्हणून बातम्यांत जिला आंतरराष्ट्रीय सागरी सीमा म्हणतात, ती या भागात ज्याची त्यानं मानलेली रेषा असते. भारतीय तटरक्षक दल आपली मानतं, पाकिस्तानची सागरी सुरक्षा संस्था त्यांची. दोन्हींच्या मधल्या पाण्यात उभी असलेली बोट एकाच क्षणी घरातही असते आणि घुसखोरही.

"मग जातातच कशाला?"

आधी मासळीचं बोलू. सिंधू नदीच्या मुखाजवळ खारफुटीच्या खाड्यांचं मोठं जाळं आहे. तिथे मासळीची पैदास चांगली होते, आणि कोळंबी, पापलेट, घोळ यांच्या मागे बोटी त्या बाजूला ओढल्या जातात. गुजरातच्या जवळच्या पाण्यात बोटी वाढल्या आणि मासळी कमी झाली, हे तिकडचे मच्छीमार स्वतःच सांगतात. लोभ आहे, तो नाकारून उपयोग नाही. काही तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, पूर्ण जाणतेपणी जातात.

पण जीपीएसचा प्रश्न विचारणाऱ्यानं एकदा ट्रॉलर कसा चालतो हे पाहावं. जाळं सोडलं की बोट ते मागे ओढत ताशी तीन-चार सागरी मैलांच्या वेगानं सरकत राहते. एका ओढीला तीन तास धरले तर सरळ गेलेली बोट दहा-बारा सागरी मैल पुढे पोहोचते, म्हणजे अख्ख्या प्रादेशिक समुद्राच्या रुंदीइतकी. या वेळात खलाशी आधीच्या ओढीतली मासळी निवडत बसलेले असतात. कोळंबी एकीकडे, पापलेट एकीकडे, बाकीचा कचरा समुद्रात, आणि चांगला माल बर्फात. रात्र असेल तर तांडेल एकटा पडद्यासमोर. वारा आणि भरतीचा ओढ बोटीला एका बाजूला रेटत असतो. रेषा जवळ आली म्हणून चटकन वळावं म्हटलं तरी मागे शेकडो मीटर दोर आणि जाळं असतं. ते गोळा करायला वेळ लागतो. तोडून पळावं तर जाळ्याचा खर्च मालक तांडेलाच्या बोकांडी बसवणार. आणि इंजिन बंद पडलं तर मग काहीच हातात नाही, वाहत जाईल तिकडे जायचं.

जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगतं. तुम्ही कुणाच्या हद्दीत आहात हे त्याला कळायला कुणीतरी आधी हद्द भरून द्यावी लागते. प्रश्न तिथेच अडतो.

पकडताना

पकडण्याचेही नियम आहेत. गस्तीच्या बोटीला परक्या बोटीचा पाठलाग करता येतो, पण तो आपल्या हक्काच्या पाण्यातून सुरू झाला पाहिजे, थांबण्याचा इशारा समोरच्याला दिसेल किंवा ऐकू येईल इतक्या अंतरावरून दिला पाहिजे आणि पाठलाग मध्ये तुटता कामा नये. पळणारी बोट स्वतःच्या किंवा तिसऱ्या देशाच्या प्रादेशिक समुद्रात शिरली की पाठलाग संपतो. याची गाजलेली गोष्ट २००३ ची. 'व्हिआर्सा' नावाच्या उरुग्वेच्या जहाजाचा ऑस्ट्रेलियानं अंटार्क्टिकाच्या बाजूच्या थंड समुद्रातून २१ दिवस पाठलाग केला, तब्बल ३,९०० सागरी मैल, आणि शेवटी दक्षिण अटलांटिकमध्ये जहाज धरलं. खटला ऑस्ट्रेलियात चालला. ज्युरीनं खलाशांना निर्दोष सोडलं. पाठलाग कितीही थरारक असो, जहाज त्या देशाच्या पाण्यात मासे पकडत होतं हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. जाळं ओलं होतं का, मासळी ताजी होती का, जीपीएसच्या नोंदी काय म्हणतात, यावर सगळं येऊन ठेपतं. आपल्या खलाशांची अडचण अशी की बोट पकडली की जीपीएसही पकडणाऱ्याच्याच ताब्यात जातं.

बळाचा वापर शक्यतो टाळायचा आणि टाळता आला नाही तर बेतानं करायचा, हे हॅम्बुर्गच्या समुद्र कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं १९९९ मध्ये 'सायगा' खटल्यात स्पष्ट केलं. तरी ६ नोव्हेंबर २०२१ ला ओख्याजवळ 'जलपरी' बोटीवर पाकिस्तानी सागरी सुरक्षा संस्थेनं गोळीबार केला आणि पालघर तालुक्यातल्या एका खलाशाचा जीव गेला. ती बोट कुठल्याही हद्दीत असली तरी मासेमारीसाठी माणसाला गोळी घालण्याचा अधिकार कुठलाच कायदा देत नाही. इथे दोन बाजू मांडायची गरज मला वाटत नाही.

गस्तीवाले मच्छीमार बोटीकडे संशयानं का बघतात, हे मुंबईकराला मात्र वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २००८ मध्ये दहशतवादी आले ते 'कुबेर' या पोरबंदरच्या मच्छीमार बोटीतून. भर समुद्रात बोट ताब्यात घेतली, माणसं मारली आणि मुंबईजवळ आल्यावर रबरी होडीनं कुलाब्याच्या मच्छीमार नगरला उतरले. त्यानंतर खलाशांची ओळखपत्रं आणि बोटींची तपासणी कडक झाली. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये कुवेतची एक मच्छीमार बोट थेट मुंबईच्या दारात आली. त्यावर तमिळनाडूचे तीन मच्छीमार होते, मालकाच्या छळाला कंटाळून त्याचीच बोट घेऊन पळालेले. जुलै २०२५ मध्ये रेवदंड्याजवळ संशयास्पद बोट दिसल्यानं रात्रभर धावपळ झाली आणि निघाला तो पाकिस्तानी मच्छीमारांच्या जाळ्याचा, वाहत आलेला, जीपीएस बसवलेला बोया, म्हणजे जाळ्याची खूण म्हणून पाण्यावर तरंगणारा फुगा. सुरक्षेची भीती खरी आहे. पण त्या भीतीमुळे मासेमारीचा साधा गुन्हा हेरगिरीच्या चष्म्यातून पाहिला जातो आणि खलाशाचे महिने वाढतात.

तातडीची सुटका, पण कुणाची?

कलम ७३ पाळलं नाही तर? त्यासाठी करारात कलम २९२ आहे. बोट अडकवल्यापासून दहा दिवसांत दोन्ही देशांचं कुठल्या न्यायालयात जायचं यावर एकमत झालं नाही तर ज्या देशाचा झेंडा बोटीवर आहे तो देश थेट हॅम्बुर्गला जाऊ शकतो. न्यायाधिकरण अशा अर्जावर काही आठवड्यांत निकाल देतं. कोण चूक, कोण बरोबर, हे ते बघत नाही. वाजवी हमी किती, एवढंच ठरवतं.

२००७ मध्ये जपाननं रशियाविरुद्ध असे दोन अर्ज केले. 'होशिनमारू' या जहाजावर रशियानं महागड्या जातीची साल्मन मासळी स्वस्त जातीची म्हणून नोंदवल्याचा ठपका ठेवला होता आणि सोडण्यासाठी सव्वादोन कोटी रुबलच्या आसपास रक्कम मागितली होती. न्यायाधिकरणानं ती एक कोटी रुबलवर आणली आणि जहाज सोडायला सांगितलं. दुसरं जहाज 'तोमिमारू'. ते आदल्या वर्षी पकडलेलं, आणि अर्ज येईपर्यंत रशियन न्यायालयांनी ते सरकारजमा करून टाकलेलं होतं. न्यायाधिकरण म्हणालं, जहाजाची मालकीच गेली, आता आम्ही सोडवणार काय? दोन्ही निकाल एकाच दिवशी लागले. उशीर झाला की बोट कायद्याच्या हातूनही निसटते, हे यातून दिसतं.

भारत आणि पाकिस्तान यांच्यात मच्छीमार बोटीसाठी असा अर्ज एकदाही झालेला नाही. माझ्या मते कारणं अशी. हा मार्ग फक्त ईईझेडमधल्या पकडीसाठी आहे आणि आपल्याकडे पकडीची जागाच वादात आहे. शिवाय भारताला पाकिस्तानशी असलेले वाद दोघांतच मिटवायचे असतात, तिसऱ्याच्या दारात नेणं दिल्लीला परवडत नाही. आणि उघड बोलायचं तर, होशिनमारू कोट्यवधींच्या मासळीचं कंपनीचं जहाज होतं. वेरावळच्या लाकडी बोटीसाठी परदेशी वकिलांची फौज कोण उभी करणार?

शेजारी श्रीलंकेकडे बघितलं तर गणित उलटं आहे. तिथे रेषा १९७४ आणि १९७६ च्या करारांनी ठरलेली आहे, कच्चतीवू बेट श्रीलंकेकडे गेलं आहे. तरी तमिळ मच्छीमारांच्या बोटी पकडल्या जातातच, कारण मासळी रेषा मानत नाही आणि श्रीलंकेनं २०१७ मध्ये तळ खरवडणाऱ्या ट्रॉलिंगवर बंदी घातली. तेव्हा रेषा ठरली की सगळं मिटलं, या भ्रमातही राहू नये.

माणसं कशी सुटतात

पकडलेल्या खलाशांना कराचीला नेतात. तिथे परकीय नागरिक आणि मासेमारीच्या कायद्यांखाली गुन्हा दाखल होतो, न्यायालय काही महिन्यांची शिक्षा देतं आणि रवानगी मलीरच्या तुरुंगात. खरी वाट बघणं शिक्षा संपल्यावर सुरू होतं. कारण माणूस भारतीय आहे हे भारतानं लिहून द्यावं लागतं. नाव इस्लामाबादच्या उच्चायुक्तालयाकडून दिल्लीला, दिल्लीहून राज्याकडे, राज्याकडून पोलीस ठाण्याकडे येतं. मग हवालदार पाड्यावर जातो आणि आधार, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र मागतो. तुरुंगात सांगितलेलं नाव आणि कार्डावरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी कागद परत फिरतो.

याच गोष्टीसाठी दोन्ही देशांनी मे २००८ मध्ये करार केला. दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या द्यायच्या. अटकेपासून तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू द्यायचं. शिक्षा संपून नागरिकत्व पक्कं झालं की एका महिन्यात परत पाठवायचं. याद्या मात्र नेमानं दिल्या जातात, अगदी संबंध तुटलेले असतानाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन महिन्यांनी आलेल्या १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्ताननं १९३ भारतीय मच्छीमारांची नावं दिली आणि भारतानं आपल्याकडच्या ८१ पाकिस्तानी मच्छीमारांची. शिक्षा पुरी झालेले १५९ भारतीय मच्छीमार आणि नागरी कैदी सोडा, अशी मागणीही भारतानं त्या वेळी केली. एका महिन्याच्या कलमाचं काय होतं ते या आकड्यावरून कळतं.

सुटका होते ती राजकारणाची हवा बघून. २०२३ च्या मे महिन्यात १९८ आणि जूनमध्ये २०० मच्छीमार एकदम सुटले. २०२५ च्या फेब्रुवारीत २२. कराचीहून लाहोर, तिथून वाघा. या प्रवासाची सोय बऱ्याचदा ईधी फाउंडेशन ही पाकिस्तानातली सेवाभावी संस्था करते, हे आवर्जून लिहायला हवं. अटारीला गुजरातचे मत्स्यव्यवसाय अधिकारी ताबा घेतात आणि माणसं वेरावळला येतात. डहाणूच्या खलाशाचं घर त्यानंतर.

तेव्हा दोन्ही याद्या नजरेसमोर ठेवा. आपणही पकडतो. कच्छच्या 'हरामी नाला' नावाच्या खाडीत सीमा सुरक्षा दल पाकिस्तानी मच्छीमारांच्या होड्या वरचेवर जप्त करतं. तेही कराची-ठठ्ठ्याकडचे, हातावर पोट असलेलेच. दोन्हीकडचे खलाशी सदिच्छेच्या वेळी सोडायचा साठा होऊन बसलेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि बोट?

बोटीची यादी कुणी १ जुलैला देत नाही. २००८ चा करार माणसांचा आहे, बोटींचा त्यात विषय नाही. जप्त झालेल्या भारतीय बोटींची संख्या हजाराच्या वर गेली आहे. २०१५ मध्ये ५७ बोटी परत मिळाल्या, ती मोठी बातमी झाली ती अशी वेळ क्वचित येते म्हणूनच. लाकडी बोट वर्षभर धक्क्याला नुसती उभी राहिली, डांबर-रंग झाला नाही, तर फळ्यांचे सांधे सुटतात, इंजिनात खारं पाणी जातं. दोन-तीन वर्षांनी परत दिली तरी ती ओढून आणण्याचा खर्च बोटीच्या किमतीला भिडतो.

मालकाच्या डोक्यावर कर्ज असतं, बँकेचं, सोसायटीचं किंवा व्यापाऱ्याचं. बोट कराचीत असली तरी हप्ता इथे चालूच. पण मालकाची बाजू मांडताना खलाशी विसरला जाऊ नये. मालक बोट घालवतो, त्याच्याकडे बहुधा दुसरी बोट असते. खलाशाच्या घरची मिळकत पहिल्या दिवसापासून बंद होते, आणि घेतलेली उचल मात्र त्याच्या नावावर तशीच.

यावर उपाय म्हणून सध्या भर आहे तो यंत्रावर. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच पंतप्रधानांनी मच्छीमार बोटींवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात केली. इस्रोनं विकसित केलेलं हे उपकरण उपग्रहामार्फत बोटीची जागा कळवतं, संकटाचा संदेश पाठवतं, वादळाचा इशारा देतं आणि सीमेजवळ गेल्यावर सावधही करतं. फायदा नक्की आहे. पकडीच्या वेळी बोट कुठे होती याची नोंद पहिल्यांदाच आपल्या बाजूलाही राहील, हा मला त्यातला सर्वांत मोठा फायदा वाटतो. मात्र ते सावध करेल ते भारत मानतो त्या रेषेवर. पाकिस्तानची गस्ती बोट तिची रेषा बघून येणार.

खलाशी म्हणून जाणाऱ्यांच्या घरी काय असावं, हे शेवटी सांगतो, कारण विचारणा इथेच जास्त होते. बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, मालकाचा आणि तांडेलाचा फोन, कुठल्या बंदरातून निघाले ती तारीख, हे एका कागदावर घरात ठेवा. आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला यांच्यावरचं नाव एकसारखं करून घ्या आणि प्रती काढून ठेवा. मूळ कागद बोटीवर देऊ नका, फक्त ओळखपत्र द्या. बोट ठरल्या दिवशी आली नाही तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही क्रमांक चोवीस तास चालतात. पकडल्याचं कळलं तर मालकाच्या भरवशावर राहू नका. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि स्थानिक पोलीस ठाण्यात स्वतः लेखी अर्ज द्या, आणि पोच घ्या. नागरिकत्वाची चौकशी पुढे याच ठाण्यात येते, आणि तेव्हा अर्ज आधीच फाइलला लावलेला असेल तर पाड्यावरची फेरी एकदाच होते.